अळीतून माशी निघाली, आता तिचं नाव कसं शोधायचं?

दिवाळीच्या तोंडावर शेजारचे भाऊजी माचिसची डबी घेऊन ओसरीवर आले. त्यांची तुतीची बाग आहे, मागे रेशमाची शेड. "वहिनी, हे उझी हाय का, पाहून सांगा बरं. पाठीवर चार पट्टे हायेत." डबीत तीन माशा होत्या, त्यांतल्या दोन चेंगरलेल्या. पट्टे खरोखरच चार होते. पण ती उझी नव्हती, आपली रोजची घरमाशी होती. घरमाशीच्या पाठीवरही चार काळपट पट्टे असतात, हे भाऊजींना कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यांची घाबरगुंडी उगाच नव्हती. उझी माशी रेशीम अळीच्या अंगावर पांढरं अंडं चिकटवते. त्यातला मॅगॉट, म्हणजे माशीचं अळीसारखं पिल्लू, रेशीम अळीत शिरतो, शिरला तिथे काळा डाग पडतो आणि पीक हातचं जातं. 1980 साली ही माशी बंगालकडून आलेल्या कोषांबरोबर कर्नाटकात पोचली आणि तिथल्या रेशीमवाल्यांच्या नाकी नऊ आले. पण पट्टे मोजून ती ओळखायला गेलं, तर गावातली प्रत्येक चहाटपरी उझीने भरलेली निघेल.

मी अमरावतीला प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि लग्न होऊन कारंज्याजवळच्या या गावात आले. घरचं वावर आहे; तूर, सोयाबीन, हरभरा, थोडी पऱ्हाटी. हरभऱ्यातल्या घाटे अळ्या वेचून डब्यांत वाढवायचा नाद लागला त्याला सात वर्षं झाली. पतंगाऐवजी कधी कधी डबीतून माशीच बाहेर येते, आणि त्या माशीपायी माझ्या रात्री जातात. सासूबाई अजून म्हणतात, "माशी म्हंजे माशी असते ना वं! तिचं काय नाव पाहाचं?"

अळीला आतून खाणाऱ्या या माशा बहुतेक टॅकिनिड कुळातल्या, उझीही त्यांतलीच. जगात त्यांच्या साडेआठ हजारांहून जास्त जातींना नावं मिळालेली आहेत. बऱ्याचशा राखाडी, राठ केसांच्या, आणि एकीसारखी दुसरी. घाटे अळीवर भारतात कार्सेलिया इलोटा आणि गोनिऑफ्थॅल्मस हल्ली यांच्या नोंदी आहेत. तांबेऱ्यापेक्षा अळीची चिंता जास्त असलेल्या आमच्यासारख्यांना या दोघी कामाच्या. पण नुसता फोटो पाहून "ही कार्सेलिया इलोटा" असं कोणी ठामपणे सांगितलं, तर मी त्याच्याकडे जरा संशयानेच बघते. का, ते पुढे येईलच.

ओळख डबीपासून सुरू होते

उडती माशी जाळीत धरली तर तुमच्याकडे फक्त माशी असते. अळीतून वाढवून काढली तर अळीचं कातडं, माशीचा कोश, पीक, तारीख असं सगळं असतं. अर्धी ओळख यातच दडलेली असते, म्हणून शक्य असेल तर वाढवाच.

एका डबीत एकच अळी ठेवा. घाटे अळ्या एकमेकींना खातात. पहिल्या वर्षी मी एका बरणीत बारा ठेवल्या आणि चौथ्या दिवशी पाच उरल्या. मिठाईच्या दुकानातल्या पारदर्शक प्लास्टिक डब्या चालतात. झाकणाला रुपयाएवढं भोक पाडून त्यावर मलमल चिकटवा (आमच्याकडे मामाजींच्या जुन्या धोतराची आहे). तळाशी बोटभर चाळलेली, किंचित ओलसर माती घाला, वर हिरवे घाटे आणि कोवळा पाला. पाला एकाआड एक दिवस बदला, नाहीतर बुरशी धरते. डबीत चिठ्ठी टाका, आणि ती पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई ओलीत पसरते. तारीख, गाव, पीक, अळीची लांबी, कोणी वेचली, एवढं पुरे. अळीचा एक फोटोही काढून ठेवा, कारण घाटे अळी समजून कोणी दुसरीच अळी घरी आणतं.

मॅगॉट अळी सोडून बाहेर आला की मातीत शिरतो आणि काही तासांत त्याचा तांबूस तपकिरी, पिंपासारखा कोश होतो. कधी अळी आधी स्वतः कोशात जाते आणि माशी त्या कोशातून निघते. गोनिऑफ्थॅल्मसचं असंच असतं. नेमकं कशातून निघाली, अळीतून की कोशातून, हे चिठ्ठीवर लिहा. मेलेल्या अळीशेजारी करडा, ठिपकेदार, दोन्ही टोकांना निमुळता असा छोटासा कोष दिसला तर तो माशीचा नाही. त्यातून कॅम्पोलेटिस नावाची बारीक गांधीलवर्गीय परजीवी निघेल. तिला चार पंख, लांब मिशा आणि बारीक कंबर असते. माशीला पंख दोनच. मागच्या पंखांच्या जागी दोन छोटी बोंडं असतात. ही बोंडं दिसली की पुढचं सगळं वाचायचं.

आता माझी फजिती. दुसऱ्या वर्षी एका डबीतून 2-3 मिलिमीटरच्या वीसेक पिवळट माशा निघाल्या. पाठीला कुबड, चालणं थांबत-धावत, झटक्यांचं. मी वहीत मोठ्या हौसेने लिहिलं, "घाटे अळीवरील परजीवी". पुढे एका कीटकशास्त्रज्ञांना दाखवलं तर ते हसले. ती मेगासेलिया स्केलारिस होती, फोरिड कुळातली, सडक्या मालावर येणारी. माझी अळी आधीच कशाने तरी मेली होती, मलमल सैल होती, आणि ह्या बाया वासाने आत शिरल्या होत्या. फोरिडचा पंख एकदा पाहिला की विसरत नाही: पुढच्या कडेला दोन-तीन जाड शिरा, बाकी पंखभर तिरक्या, पुसट रेघा, आडवी शीर नाही. तिच्या कोशालाही पुढच्या टोकाशी दोन बारीक शिंगं असतात. फोरिड कुळात खरे परजीवीही आहेत, म्हणून नुसतं कुळ पाहून निकाल देऊ नका. मॅगॉट बाहेर पडला तेव्हा अळी जिवंत होती का, निदान ताजी होती का, याचं उत्तर चिठ्ठीवर हवं. तेव्हापासून मी रोज सकाळी चहाआधी सगळ्या डब्या बघते.

मारायची घाई नको

कोशातून नुकती निघालेली माशी फिकट, मऊ असते, पंख चुरगळलेले, कपाळ फुगलेलं. तिला तशीच मारली तर वाळताना डोकं आत बसतं, रंग खोटे दिसतात. एक पूर्ण दिवस जाऊ द्या. मग डबीसकट फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात रात्रभर. आमच्याकडे लाइनचा भरवसा नाही, म्हणून मी सकाळी परत दोन तास ठेवते. एकदा टाचणी टोचल्यावर माशी हलली होती, ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

दारूत, म्हणजे अल्कोहोलात, बुडवू नका. अंगावरची राखाडी पूड, तिचे पट्टे, तिची चमक, हीच तर खूण असते, आणि ओली माशी म्हणजे पावसात भिजलेलं मांजर: केस अंगाला चिकटतात. जनुकांची तपासणी करून घ्यायची असेल तर एक पाय तोडून 95 टक्के अल्कोहोलात वेगळा ठेवा, माशी कोरडीच राहू द्या.

टाचणी पाठीच्या मधोमध घालू नका, किंचित उजवीकडे घाला. मधल्या ओळींचे केस वाचतात आणि डावी बाजू अख्खी उरते. शिवणाच्या टाचण्या गंजतात. स्टेनलेसच्या कीटक-टाचण्या मागवून घ्या. लहान माशीला केसासारखी बारीक टाचणी लागते, आणि ती नुसती पेटीत उभी राहत नाही. मी ज्वारीच्या वाळक्या धांड्यातला पांढरा गर चौकोनी कापते, बारीक टाचणीवरची माशी त्यात रोवते आणि तो तुकडा मोठ्या टाचणीवर चढवते. विकतच्या फोमपेक्षा हे बरं, आणि धांडे तर ढोरांपुढे पडलेलेच असतात. त्याच टाचणीवर खाली माशीचा रिकामा कोश आणि अळीचं कातडं छोट्या कागदावर डकवा. वेगळे ठेवले की हरवलेच समजा. पेटीत डांबर गोळी ठेवा आणि पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत. माझी एक अख्खी रांग मुंग्यांनी दोन रात्रींत नेली. उरले ते पंख आणि चिठ्ठ्या.

आधी कुळ

10 पटीचं घड्याळजीचं भिंग घेऊन कुळापर्यंत पोचता येतं. उजेड मात्र थेट नको. खिडकी आणि माशी यांच्यामध्ये बटर पेपर धरा, नाहीतर चकाकीत काही दिसत नाही.

पहिल्यांदा बाजूने पाहा. बोंडाच्या खाली, मधल्या आणि मागच्या पायाच्या बुडाच्या वर राठ केसांची उभी ओळ आहे का? नसेल तर घरमाशीच्या गोतावळ्यातली असेल. असेल तर टॅकिनिड, मांसमाशी किंवा निळी-हिरवी चमकणारी माशी, या तिघींपैकी एक. मग छातीच्या मागच्या टोकाला जी त्रिकोणी ढाल असते, स्क्युटेलम, तिच्या खाली बघा. टॅकिनिडला तिथे आणखी एक गोल फुगवटा असतो, ढालीखाली उशी सरकवल्यासारखा. त्याला सबस्क्युटेलम म्हणतात. माझ्या मते एकच खूण लक्षात ठेवायची तर हीच ठेवावी. बाजूने, जरा मागून बघितल्याशिवाय ती दिसत नाही, आणि मोबाईलचे फोटो लोक वरून काढतात. म्हणून फोटोवरून ओळखणं फसतं.

मांसमाशी इथे सगळ्यात जास्त फसवते, कारण तीही राखाडी, तीही मेलेल्या अळीवर येते. तिच्या पाठीवर तीन ठळक काळे पट्टे असतात, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आणि माशी फिरवली की चौकोन जागा बदलतात. मिशीवरचा जो लांब केस असतो, अरिस्टा, तो तिचा अर्धा पिसासारखा आणि टोकाकडे उघडा. घरमाशीचा टोकापर्यंत पिसासारखा. टॅकिनिडचा बहुधा साफ उघडा, सुईसारखा. रिकाम्या कोशाचं मागचं टोकही बघा. श्वास घ्यायच्या दोन काळ्या चकत्या मांसमाशीच्या कोशात खोल खड्ड्यात असतात, टॅकिनिडच्या वर उघड्यावर.

भाऊजींच्या डबीतल्या तिसऱ्या, शाबूत माशीला उशी नव्हती, अरिस्टा पिसासारखा होता. दोन मिनिटांचं काम. "म्हंजे मी रातभर उगाच जागलो?" म्हणाले, आणि चहा पिऊन गेले.

मग केस मोजायचे

प्रजातीपर्यंत, म्हणजे "कार्सेलिया इलोटा" यातल्या "कार्सेलिया" या पहिल्या नावापर्यंत, जायचं तर भिंग अपुरं पडतं (दोन्ही नावं मिळून होते ती जाती). मी एका महाविद्यालयातल्या सरांकडून जुना स्टिरिओ मायक्रोस्कोप घेतला, 40 पटीपर्यंतचा. इथून पुढचं काम निवडणूक यादी तपासण्यासारखं आहे, कंटाळवाणं पण चुकून चालत नाही असं.

पाठीवर मध्ये एक आडवी खाच असते. मधल्या रेषेपासून दोन्हीकडे राठ केसांच्या उभ्या ओळी जातात. अगदी मधली ओळ अ‍ॅक्रोस्टिकल, तिच्या बाहेरची डॉर्सोसेंट्रल. एका बाजूचे मोजायचे आणि खाचेपुढे तीन, मागे चार असतील तर 3+4 लिहायचं. केस तुटला असेल तर घाबरू नका, त्याची खोबण उरते, वाटीसारखी गोल. ती मोजा. लव आणि राठ केस यांची गल्लत मात्र करू नका. लवेची खोबण जेमतेम दिसते. दुसरी बाजूही मोजून पाहा, कारण एखादी माशी एका बाजूला एक केस जास्त घेऊन जन्माला येते आणि आपण वहीत नवा प्रकार मांडून बसतो.

मग याच क्रमाने: डोळ्यांवर लव आहे की ते गुळगुळीत, चेहऱ्याच्या दोन्ही कडांनी वर चढत जाणारे राठ केस किती उंच पोचतात, अरिस्टा बुडापासून कुठपर्यंत जाड आहे, छातीच्या बाजूच्या खालच्या तुकड्यावर राठ केस तीन की चार, ढालीच्या कडेला किती जोड्या, आणि टोकाची जोडी एकमेकींना ओलांडते का, मागच्या पायाच्या नळीवर केस फणीच्या दातांसारखे सारखे लागलेत की लहान-मोठे, पोटाच्या पहिल्या पट्टीचा मधला खळगा मागच्या कडेपर्यंत जातो का. पंखाची मधली शीर टोकाजवळ पुढे वळते, ते वळण कोनासारखं आहे की गोलसर, तेही. उत्तर "नाही" असलं तरी लिहायचं. रिकामी जागा म्हणजे नाही की पाहिलंच नाही, हे सहा महिन्यांनी आठवत नाही.

कार्सेलियाचे डोळे दाट लवेचे असतात, उजेड तिरका पाडला की लोकरीसारखे दिसतात. तिचं अंडं बारीक देठावर उभं असतं, म्हणून अळीचं कातडं जपून ठेवायला सांगितलं. गोनिऑफ्थॅल्मसचं याउलट: अतिसूक्ष्म अंडी पानावर घातली जातात आणि अळी ती पानाबरोबर गिळते, तेव्हा कातड्यावर अंड्याची टरफलं शोधण्यात अर्थ नाही. दोन माशा केसांत सारख्या वाटल्या तरी अशा ठिकाणी वाटा वेगळ्या होतात.

लांबीवर विश्वास ठेवू नका. एका अळीतून चार माशा निघाल्या तर चारही बारक्या, एकच निघाली तर धष्टपुष्ट. रंगावरही बेताचाच. राखाडी पट्टा समोरून दिसतो आणि मागून नाहीसा होतो. म्हणून कोणत्या बाजूने पाहिलं ते लिहायचं.

आणि नर-मादी. तिसऱ्या वर्षी माझ्या पेटीत दोन जाती होत्या: एकीचे डोळे जवळजवळ, कपाळ अरुंद, दुसरीचं कपाळ रुंद आणि त्यावर डोळ्यांलगत पुढे झुकलेले दोन-दोन राठ केस. दोन्हीला वेगवेगळी चिठ्ठी, वेगवेगळी रांग. दोघी एकाच अळीतून निघालेल्या सापडल्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की हे नवरा-बायको आहेत. बऱ्याच टॅकिनिडांत हा फरक असाच असतो. त्यामुळे ओळखायला एक माशी कधीच घेऊ नका. निदान दोन नर, दोन माद्या हव्यात.

जातीचं कुलूप

इथवर आलात तरी हाती बहुधा प्रजातीच असते. जाती ठरते ती बऱ्याचदा नराच्या पोटाच्या टोकात, जननांगांच्या आकारावरून. मधला तुकडा सरळ की चोचीसारखा, बाजूचे दोन तुकडे रुंद की पात्यासारखे, हे बाहेरून दिसत नाही.

त्यासाठी वाळलेली माशी आधी बंद डब्यात ओल्या कापसाशेजारी रात्रभर ठेवून मऊ करतात, पोटाचं टोक काढून कॉस्टिक पोटॅशच्या 10 टक्के द्रावणात ठेवतात, म्हणजे मांस विरघळून कवच उरतं. मग पाण्यात धुऊन, ग्लिसरीनमध्ये बुडवून पाहायचं, आणि शेवटी ग्लिसरीनच्या इवल्याशा कुपीत घालून त्याच टाचणीवर लावायचं. हे मी स्वयंपाकघरात करत नाही. पोटॅश कातडं जाळतं, डोळ्यात उडालं तर संपलंच. सरांच्या प्रयोगशाळेत, हातमोजे घालून केलं, तेही तीनदाच. पहिल्या वेळी तुकडा उडाला आणि तासभर फरशीवर शोधत बसले.

मग तुलना. रॉजर क्रॉस्की यांनी 1976 साली भारतासह पौर्वात्य प्रदेशातल्या टॅकिनिडांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यानंतर काही नावं बदलली आहेत, तेव्हा जुनं नाव सापडलं की नवं काय झालं तेही बघावं लागतं. चावी, म्हणजे एकेका खुणेचा प्रश्न विचारत नावापर्यंत नेणारी यादी, वापरताना एक सवय लावून घ्या: उत्तर मिळालं की उलटं जा. त्या जातीचं पूर्ण वर्णन काढून आपल्या माशीवर ओळीने ताडून पाहा. चावीत नसलेली माशीही चावी कुठल्या तरी नावापर्यंत नेऊन सोडतेच.

जुळलं नाही तर चिठ्ठीवर "कार्सेलिया, जाती 1" लिहा आणि थांबा. माझ्या पेटीत सध्या 46 माशा आहेत. जातीपर्यंत नाव आहे अशा 9. त्यांतल्या 7 माशा दुसऱ्यांनी ओळखल्यात, आणि ओळखणाऱ्याचं नाव नि वर्ष त्या चिठ्ठीवर आहे.

बाहेर पाठवायच्या असतील तर बेंगळुरूची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो किंवा कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण अशा संस्थांत तज्ज्ञ असतात. आधी विचारा, मग पाठवा. टाचण्या खोल रोवा. जड माशीच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन टाचण्या आडव्या लावा, नाहीतर ती वाटेत फिरते आणि शेजारणीचे पाय तोडते. ही डबी मोठ्या खोक्यात, चारी बाजूंनी चुरगळलेला कागद. कापूस नको, केस त्यात अडकतात. सगळं पाठवू नका, एक जोडी घरी ठेवा.

मागच्या महिन्यात मी एक खोकं बांधत होते तेव्हा सासूबाई शेजारी तूर निवडत बसल्या होत्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "ढालीखाली उशी हाय का पाह्यलं का त्या मोठीच्या?" पाहिलं नव्हतं. खोकं परत उघडलं.